गुडघा, भाकरी आणि मैदान

१

प्रीमियर लीग ही इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च श्रेणी होय. तिचा २०२०-२१ चा हंगाम १२ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाला आणि २३ मे २०२१ रोजी संपला. वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, एकूण ३८० सामने. मँचेस्टर सिटीने ८६ गुण मिळवून विजेतेपद पटकावले, मँचेस्टर युनायटेड ७४ गुणांवर दुसरा राहिला, आणि फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन व शेफील्ड युनायटेड हे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले गेले. खेळाच्या पुस्तकात या हंगामाची नोंद बहुधा एवढ्यावर थांबेल. समाजाच्या इतिहासाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. हे सामने खेळले जात होते तेव्हा ब्रिटनमध्ये कोरोनाच्या साथीने माणसे मरत होती. २६ जानेवारी २०२१ रोजी मृतांचा अधिकृत आकडा एक लाखाच्या वर गेला. मैदाने रिकामी होती. सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू एक गुडघा जमिनीला टेकत होते. आणि शाळांना सुटी लागली की गरिबांच्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचे काय, हा प्रश्न त्या श्रीमंत देशाच्या संसदेपुढे उभा होता.

कोट्यवधी पौंडांच्या उलाढालीच्या या खेळाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. आपल्या महाविद्यालयांतील कितीतरी मुलांच्या अंगावर आज लिव्हरपूलचे किंवा मँचेस्टरचे सदरे दिसतात. रात्री उशिरापर्यंत जागून ही मुले ते सामने पाहतात. त्या खेळाडूंच्या सवयी, त्यांचे भाव, त्यांच्या दुखापती त्यांना तोंडपाठ असतात. पण ते खेळाडू कोणत्या वस्त्यांतून आले आणि गुडघा टेकून ते काय सांगत होते, हे मात्र त्यांना क्वचितच ठाऊक असते. दुसरा संबंध जुना आहे. १९७२ साली मुंबईतील तरुणांनी आपल्या संघटनेला नाव दिले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. काळ्यांच्या लढ्याकडे आपल्या चळवळीने नेहमीच आप्तभावाने पाहिले. तेव्हा त्या लढ्याचे एक प्रकरण फुटबॉलच्या मैदानावर लिहिले गेले असेल, तर ते वाचणे आपले काम आहे.

या हंगामाकडे पाहताना एक प्रश्न मी समोर ठेवला आहे. सत्ता प्रतीक लवकर देते, भाकरी उशिरा देते आणि अधिकार तर देतच नाही, हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर ज्यांना प्रतीक मिळाले त्यांनी पुढे काय करावे?

२

आधी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम बनवले ते उच्चभ्रूंच्या शाळांतून शिकलेल्या साहेबांनी. परंतु त्या खेळाला बळ दिले ते कामगारांनी. १८८३ साली इंग्लिश चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकेशायरमधील संघाने ओल्ड इटोनियन्स या सरदार घराण्यांतील माजी विद्यार्थ्यांच्या संघाचा पराभव केला. विजेत्या संघात विणकर होते, गिरणीत राबणारे होते. दोनच वर्षांनी, १८८५ साली, पैसे घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली. तोवर पैसे घेणे हा खेळाचा अपमान मानला जात होता. ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे त्याला फुकट खेळणे परवडते. ज्याचा शनिवारचा रोज बुडतो त्याला ते परवडत नाही. मँचेस्टर युनायटेड हा संघ मुळात न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी १८७८ साली स्थापन केला. आर्सेनल हा १८८६ साली वुलिच येथील दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातील कामगारांचा. वेस्ट हॅमचा जन्म १८९५ साली थेम्स नदीकाठच्या जहाज बांधणाऱ्या कारखान्यातला.

कामगाराला खेळता आले, पण आपल्या श्रमाची किंमत ठरवता आली नाही. १९०१ सालापासून खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. ती १९६१ साली उठली तेव्हा आठवड्याला वीस पौंड एवढी होती. संघटना बांधून, संपाचा इशारा देऊन खेळाडूंनी ती उठवली, ही गोष्ट आज त्यांच्या श्रीमंतीवर बोट ठेवणारे विसरतात.

या कामगारांतही एक पायरी खाली उभा होता तो काळा खेळाडू. आर्थर व्हार्टन हा आजच्या घाना देशातील आक्रा येथे १८६५ साली जन्मला. जगातील पहिला काळा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याची नोंद आहे. १८९४-९५ च्या हंगामात तो शेफील्ड युनायटेडकडून सर्वोच्च श्रेणीत खेळला. आयुष्याचा उत्तरार्ध त्याने कोळशाच्या खाणीत राबून काढला. १९३० साली तो दारिद्र्यात मेला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९७ साल उजाडावे लागले. १९७८ साली व्हिव्ह अँडरसन हा इंग्लंडच्या पुरुषांच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. त्याच सुमारास वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून लॉरी कनिंगहॅम, सिरिल रेजिस आणि ब्रेंडन बॅट्सन हे तिघे एकत्र खेळत आणि गोऱ्या प्रेक्षकांच्या शिव्या एकत्र झेलत. इंग्लंडच्या संघात निवड झाल्यावर रेजिसला टपालाने बंदुकीची गोळी आली होती. १९८८ साली लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सवर प्रेक्षकांतून केळे फेकले गेले. त्याने ते टाचेने बाजूला सारले आणि तो खेळत राहिला.

प्रीमियर लीग १९९२ साली स्थापन झाली ती मुख्यतः दूरचित्रवाणीच्या पैशांसाठी. तेव्हापासून मैदानांत सुधारणा झाली, शिव्या कमी ऐकू येऊ लागल्या, पण तिकिटे महागली आणि मालक बदलले. २०२०-२१ मध्ये मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल व आर्सेनल हे संघ अमेरिकन भांडवलदारांच्या हाती होते, मँचेस्टर सिटी अबुधाबीच्या राजघराण्याच्या आणि चेल्सी एका रशियन अब्जाधीशाच्या. ज्या गावाचे नाव संघाला आहे त्या गावाचा त्या संघावर काडीचा अधिकार उरला नव्हता.

३

साथ आली ती याच व्यवस्थेवर. १३ मार्च २०२० रोजी, म्हणजे आधीच्या हंगामात, स्पर्धा थांबवण्यात आली. आदल्या दिवशी आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांना लागण झाल्याचे जाहीर झाले होते. संकटात वर्गसंबंध कसे उघडे पडतात, याचे उदाहरण लगेच मिळाले. काम बंद पडल्याने ज्यांच्या नोकऱ्या जातील त्यांच्यासाठी सरकारने योजना काढली होती. पगाराचा ऐंशी टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देणार होते. काही श्रीमंत क्लबांनी आपले कारकून, तिकीट विकणारे, मैदान राखणारे असे कर्मचारी या योजनेत घातले. लिव्हरपूलने ४ एप्रिल २०२० रोजी तसे जाहीर केले. या क्लबने काही आठवड्यांपूर्वीच ४ कोटी २० लाख पौंडांचा करपूर्व नफा दाखवला होता. त्याच्या स्वतःच्या प्रेक्षकांनी एवढा गदारोळ केला की दोन दिवसांत क्लबला माफी मागून निर्णय फिरवावा लागला.

सरकारने बोट दाखवले ते मात्र खेळाडूंकडे. २ एप्रिलला आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी फुटबॉलपटूंनी पगार कमी करून घ्यावा असे जाहीरपणे सांगितले. देशात बँकवाले होते, जमीनदार होते, क्लबांचे मालक होते. नेमके फुटबॉलपटूच का आठवले? कारण त्यांतील बरेचसे कामगार वस्तीतून आलेले, बरेच काळे. अशांच्या हातातील पैसा समाजाच्या डोळ्यांत नेहमीच खुपतो. ८ एप्रिलला लिव्हरपूलचा कप्तान जॉर्डन हेंडरसन याच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःचा निधी उभारला आणि तो सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीला दिला. आर्सेनलच्या खेळाडूंनी साडेबारा टक्के पगारकपात स्वीकारली. ऑगस्टमध्ये त्याच क्लबने ५५ कर्मचाऱ्यांना काढण्याचा प्रस्ताव जाहीर केला, आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ४ कोटी ५० लाख पौंड मोजून एक नवा खेळाडू घेतला.

मरणही सर्वांना सारखे वाटले जात नव्हते. ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने ७ मे २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, वयाचा फरक जमेस धरता, काळ्या पुरुषांत कोरोनाने मरण्याचा धोका गोऱ्या पुरुषांच्या ४.२ पट होता. काळ्या स्त्रियांत ४.३ पट. बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या लोकांतही तो गोऱ्यांहून जास्त होता. राहणीमान, शिक्षण, दाटीवाटीची घरे यांचा हिशेब घेतला तेव्हा हा फरक बराच कमी झाला. याचाच अर्थ असा की, रोग जंतूचा असला तरी त्याला वाट दाखवण्याचे काम समाजरचनेने केले होते. बस चालवणारे, रुग्णालयात शुश्रूषा करणारे, दुकानात माल लावणारे घरी बसू शकत नव्हते. वॉटफर्डचा कप्तान ट्रॉय डीनी याने मे महिन्यात सरावाला यायला नकार दिला तेव्हा त्याने हाच प्रश्न विचारला. घरी श्वासाचा त्रास असलेले तान्हे मूल होते, आणि काळ्यांना धोका अधिक आहे याचे समाधानकारक उत्तर त्याला कोणी दिले नव्हते.

४

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला. १७ जूनला इंग्लंडमध्ये फुटबॉल पुन्हा सुरू झाले, तेव्हा पहिल्या बारा सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर त्यांच्या नावाऐवजी ‘काळ्यांचे जीव मोलाचे आहेत’ या अर्थाची इंग्रजी घोषणा होती आणि सामना सुरू होताना सगळे गुडघ्यावर बसत होते. २०२०-२१ च्या संपूर्ण हंगामात ही प्रथा चालू राहिली.

या गुडघ्याचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. २०१६ साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक हा राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला तो पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ, आणि मालकांच्या इच्छेविरुद्ध. त्या हंगामानंतर त्याला कोणत्याही संघाने कामावर घेतले नाही. इंग्लंडमध्ये चार वर्षांनी त्याच कृतीला मालकांनी संमती दिली. म्हणजे मालकांचे हृदयपरिवर्तन झाले असे समजायचे काय? थोडे पुढे पाहू. जूनच्या अखेरीसच स्पर्धेच्या चालकांनी खुलासा केला की, आपला कोणत्याही राजकीय संघटनेला पाठिंबा नाही. सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा बाहीवरची मूळ घोषणा गेली आणि तिच्या जागी ‘वर्णद्वेषाला जागा नाही’ अशा अर्थाचे, कोणाचेही काही न बिघडवणारे वाक्य आले. पहिल्या घोषणेत कोणाचे जीव स्वस्त झाले आहेत हे सांगितले होते. दुसऱ्या घोषणेत वर्णद्वेष करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे दोन्ही गायब झाले. घोषणा अशी निरुपद्रवी झाली की ती कुणालाही अंगावर वागवता येते.

मैदानाबाहेरची स्थिती काय होती? खेळाडूंत काळ्यांची संख्या मोठी. पण त्या हंगामातील वीस संघांच्या मुख्य प्रशिक्षकांत आफ्रिकी वंशाचा एकच गृहस्थ होता, वुल्व्हरहॅम्प्टनचा नूनो एश्पिरितो सान्तो. रहीम स्टर्लिंगने जून २०२० मध्ये हाच मुद्दा मांडला होता. त्याचे म्हणणे असे की, त्याच पिढीतल्या गोऱ्या नामवंत खेळाडूंना निवृत्तीनंतर मोठ्या क्लबांची प्रशिक्षकपदे मिळाली, तितक्याच तोलाच्या काळ्या खेळाडूंना मिळाली नाहीत. घाम गाळायला काळा चालतो, निर्णय घ्यायला चालत नाही, हे वेगळ्या शब्दांत आपणही ऐकलेले आहे.

या संदर्भात क्रिस्टल पॅलेसच्या विल्फ्रेड झाहाची कृती मला महत्त्वाची वाटते. १३ मार्च २०२१ रोजी वेस्ट ब्रॉमविचविरुद्धच्या सामन्यापूर्वी सगळे गुडघ्यावर बसले असता तो उभा राहिला. प्रीमियर लीगमध्ये असे करणारा तो पहिला खेळाडू. त्याचे म्हणणे सरळ होते. गुडघा टेकणे हा आता सामन्यापूर्वीचा एक ठरीव विधी झाला आहे; आपण गुडघा टेकला तरी शिव्या थांबलेल्या नाहीत; आणि आपल्याला आईवडिलांनी ताठ उभे राहायला शिकवले आहे. जे आधी बंड होते ते रिवाज झाले की, बंड करू इच्छिणाऱ्याला रिवाज मोडावा लागतो. झाहाने तेच केले.

तरीही प्रतीकाला अगदीच निरर्थक म्हणणे बरोबर होणार नाही. हंगाम संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा गृहमंत्री प्रीती पटेल यांनी गुडघा टेकण्याला देखाव्याचे राजकारण म्हटले आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवणे हा त्यांचा प्रश्न असल्याचे सूचित केले. ११ जुलै २०२१ रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रॅशफोर्ड, सँचो आणि साका या तीन काळ्या तरुणांच्या पेनल्टी हुकल्या व त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. म्हणजे मालकांनी गोड करून घेतलेले प्रतीकही काहींना बोचत होतेच. प्रतीकाने शत्रू कोठे आहे ते दाखवले, यात शंका नाही. पण त्याला हटवण्याचे काम प्रतीकाकडून होणार नव्हते.

५

आता भाकरीकडे वळू. मार्कस रॅशफोर्ड हा मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू, १९९७ साली जन्मलेला, मँचेस्टरच्या विदेनशॉ या कामगार वस्तीत वाढलेला. आजी कॅरिबियनमधील सेंट किट्स बेटावरची. आई एकटीने पाच मुलांचा संसार किमान वेतनावर ओढत होती. शाळेतील मोफत जेवणावर आणि शेजाऱ्यांच्या दयेवर तो वाढला. १५ जून २०२० रोजी त्याने संसद सदस्यांना जाहीर पत्र लिहिले. टाळेबंदीत मोफत जेवणाऐवजी मुलांमागे आठवड्याला १५ पौंडांची कुपने दिली जात होती. उन्हाळी सुटीत ती बंद होणार होती. ती चालू ठेवा, एवढीच त्याची मागणी. आपली आई कष्टात कमी पडली नाही, पण अशा कुटुंबांना वर येता यावे यासाठी ही व्यवस्था रचलेलीच नाही, असा त्या पत्राचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली. सुमारे १२ कोटी पौंड खर्चाची, जवळजवळ १३ लाख मुलांना लागू होणारी योजना जाहीर झाली.

हे वाचताना मला माझी प्राथमिक शाळा आठवते. महिन्याच्या हजेरीवर तीन किलो तांदूळ मिळत आणि त्या तांदळाची वाट घरातले सगळे पाहत. शाळेत मिळणारे अन्न ही मदत आहे की हक्क, याचे उत्तर पोट भरलेला माणूस एक देतो आणि वाट पाहणारा दुसरे देतो. इंग्लंडमध्येही हा वाद जुना आहे. शाळकरी मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना १९०६ साली कायद्याने मिळाली. तर १९७१ साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरील मुलांचे मोफत दूध बंद झाले.

नवा हंगाम सुरू झाल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहिला, कारण प्रत्येक सुटीबरोबर भूक परत येत होती. यानंतरचा घटनाक्रम मुळातून वाचण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२० च्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास राणीच्या वाढदिवसाची सन्मानयादी प्रसिद्ध झाली आणि त्यात रॅशफोर्डला एम.बी.ई. हा किताब मिळाला. २१ ऑक्टोबरला संसदेत सुट्यांतही मोफत जेवण देण्याचा विरोधी पक्षाचा ठराव आला, आणि सरकारी पक्षाने तो ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळला. माणसाच्या छातीवर पदक लावायचे आणि त्याच पंधरवड्यात त्याची मागणी नाकारायची. सन्मान कशासाठी दिला जातो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मागणी करणाऱ्याला मोठे केले की मागणी लहान होईल, असा तो हिशेब असतो.

रॅशफोर्डने तो हिशेब चुकवला. पदक त्याने नाकारले नाही. पण मागणीही सोडली नाही. मतदानानंतरच्या दिवसांत देशभरातील छोट्या उपाहारगृहांनी, चहाच्या दुकानांनी, स्थानिक मंडळांनी सुटीत मुलांना जेवण देण्याची तयारी दाखवली, आणि तो ही नावे एकामागून एक जाहीर करत राहिला. दहा लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. ८ नोव्हेंबरला सरकारने पुन्हा माघार घेतली आणि हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंडांची मदत जाहीर केली. पाच महिन्यांत दोनदा सरकार वाकले. का वाकले? मागणी मोजता येण्यासारखी होती: अमुक मुले, अमुक पौंड, अमुक तारखेपर्यंत. अशा मागणीला मान डोलावून टाळता येत नाही. हो तरी म्हणावे लागते किंवा नाही तरी; आणि नाही म्हटले की ते लोकांना दिसते.

यात एक उणीवही आहे. एका गोलंदाज वा फुटबॉलपटूच्या लोकप्रियतेवर मुलांचे जेवण अवलंबून राहावे ही काही समाजाने मिरवण्याची गोष्ट नव्हे. जो सुप्रसिद्ध नाही अशा आईने हेच पत्र लिहिले असते तर त्याला पोच तरी मिळाली असती काय? रॅशफोर्डच्या मागे त्या अनाम आया होत्या, अन्नपेढ्या चालवणारे कार्यकर्ते होते. लिव्हरपूल आणि एव्हर्टन या हाडवैरी संघांचे समर्थक २०१५ पासून एकत्र येऊन मैदानाबाहेर धान्य गोळा करत होते. नायक पुढे दिसतो. त्याच्या पायाखालची जमीन अशी तयार झालेली असते.

६

राहिला प्रश्न मैदानाच्या मालकीचा. हंगाम जवळजवळ संपूर्ण प्रेक्षकांविना झाला. डिसेंबरमध्ये काही भागांत दोन हजारांपर्यंत लोकांना प्रवेश मिळाला, तो पुन्हा बंद झाला, आणि अखेरच्या दोन फेऱ्यांत दहा हजारांपर्यंत लोक आत आले. दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रित गर्दीचा आवाज लावला जात होता. माणसे नकोत, त्यांचा आवाज तेवढा हवा, अशी ती सोय होती. परंतु खेळानेच साक्ष दिली. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या इतिहासात प्रथमच यजमान संघांपेक्षा पाहुण्या संघांनी अधिक सामने जिंकले: १५३ विरुद्ध १४४. घरच्या मैदानावर लागोपाठ ६८ साखळी सामने न हरलेला लिव्हरपूल जानेवारीत बर्नलीकडून हरला आणि त्यानंतर घरच्याच मैदानावर ओळीने हरत गेला. दुखापती हेही त्याचे एक कारण होते. पण सगळ्या स्पर्धेचा कल दुखापतींनी बदलत नाही. तिकीट काढून थंडीत उभा राहणारा माणूस हा केवळ गिऱ्हाईक नसून खेळाच्या उत्पादनात त्याचाही श्रम असतो, हे आकड्यांनी सिद्ध केले.

मालकांनी यातून काय बोध घेतला? ऑक्टोबर २०२० मध्ये काही सामने घरी पाहण्यासाठी वेगळे १४.९५ पौंड प्रत्येक सामन्यामागे आकारण्यास सुरुवात झाली. न्यूकॅसलच्या समर्थकांनी सामना न पाहता तेवढी रक्कम अन्नपेढीला दिली. इतर संघांचे लोकही त्यात उतरले आणि पुढच्याच महिन्यात ती आकारणी सोडून द्यावी लागली. त्याच ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूल व मँचेस्टर युनायटेडने पुढे केलेली एक योजना उघडकीस आली. खालच्या श्रेणीतील बुडत्या क्लबांना २५ कोटी पौंड द्यायचे आणि बदल्यात मतदानाचा विशेष अधिकार मोजक्या बड्या क्लबांकडे घ्यायचा. भुकेल्याला धान्य देऊन त्याची जमीन लिहून घेणाऱ्या सावकाराची ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ती योजना इतर क्लबांनी फेटाळली.

मग १८ एप्रिल २०२१ च्या रात्री युरोपातील बारा बड्या क्लबांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली. त्यात इंग्लंडचे सहा क्लब होते: आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, टॉटनहॅम, मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड. संस्थापक क्लब त्या स्पर्धेतून कधीच खाली जाणार नव्हते. खेळून जागा मिळवायची आणि हरून गमवायची, हा या खेळाचा कणा. सुपर लीगने तोच काढून टाकला. ज्याची जागा जन्माने ठरली आहे आणि जी कर्माने जात नाही, अशा व्यवस्थेला आपल्या देशात काय म्हणतात हे सांगायला नको. २० एप्रिलला चेल्सीच्या मैदानाबाहेर लोक रस्त्यावर बसले. लिव्हरपूलच्या खेळाडूंनी एकमुखाने विरोध जाहीर केला. त्याच रात्री सहाही क्लब माघारी फिरले. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे समर्थक मालकांच्या निषेधार्थ थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना त्या दिवशी होऊ शकला नाही. १८७८ साली ज्यांच्या पणजोबांसारख्या रेल्वे कामगारांनी तो संघ उभा केला, ते लोक त्या दिवशी आपल्याच घरात कुलूप तोडून शिरल्यासारखे शिरले.

या संतापाचे चीज काही अंशी झाले. समर्थकांच्या सहभागाने सरकारी चौकशी झाली, तिचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, आणि अखेर २०२५ साली फुटबॉलवर देखरेख करणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा संमत झाला. मालकी मात्र मालकांकडेच राहिली.

७

एकाच हंगामातील या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. गुडघा टेकण्यास परवानगी लगेच मिळाली, कारण त्यासाठी कोणाला काही सोडावे लागत नव्हते. भाकरी एकदा मिळाली, एकदा नाकारली गेली, आणि लोकांनी रेटा लावल्यावर पुन्हा मिळाली. मैदानावरचा हक्क मागून मिळालाच नाही. सुपर लीग मोडली ती लोक रस्त्यावर आल्यावर. जिथे सत्तेचे काही जात नव्हते तिथे ती उदार होती, आणि जिथे जात होते तिथे तिला भाग पाडावे लागले.

हे तिन्ही धागे मात्र एकत्र आले नाहीत, ही या हंगामाची खरी मर्यादा होय. सुपर लीग अठ्ठेचाळीस तासांत मोडणारी गर्दी काळा प्रशिक्षक का नाही म्हणून कधी रस्त्यावर बसली नाही. समाजमाध्यमांवरील वर्णद्वेषाच्या निषेधार्थ ३० एप्रिल ते ३ मे या चार दिवसांत क्लबांनी आणि खेळाडूंनी मौन पाळले. मालकांच्या लोभाविरुद्ध लोक मैदानात घुसले तेही याच दिवसांत. पण दोन्ही लढे एकमेकांच्या शेजारून, अनोळखी माणसांसारखे निघून गेले. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये कप्तानांनीच ठरवले की, गुडघा यापुढे काही निवडक सामन्यांपूर्वीच टेकायचा. फार लोकांना त्याचे वाईट वाटले असे दिसले नाही.

आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी यावर विचार करावा असे मला वाटते. आपल्यालाही पुतळे मिळाले, नामफलक मिळाले, जयंतीच्या सुट्या मिळाल्या, आणि त्यांतील काही तर रक्त सांडून मिळवावे लागले. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या दिवशी आपले प्रतीक आपल्या विरोधकालाही सहज अंगावर मिरवता येऊ लागते, त्या दिवशी थांबून विचारले पाहिजे की, या प्रतीकाबरोबर आपण कोणती मागणी जोडली आहे, ती कोणाकडे आहे आणि तिची तारीख कोणती. बावीस वर्षांच्या एका मुलाने हे तीन प्रश्न विचारले आणि त्या उन्हाळ्यात जवळजवळ तेरा लाख मुलांच्या जेवणाची सोय झाली. आर्थर व्हार्टनच्या थडग्यावर नाव यायला सदुसष्ट वर्षे लागली, कारण तो मेला तेव्हा त्याच्यासाठी मागणी करणारे कोणी नव्हते.